कमानीआधी तालीम : आमच्या माजी विद्यार्थी संघास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
माजी विद्यार्थी संघ

विषय : जमलेल्या निधीतून स्वागत कमानीआधी नाट्यमंडळाला तालमीची जागा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर स्वागत कमान उभारण्याचा ठराव मांडला जाणार असल्याचे पत्र मला मिळाले. सोबतचे संकल्पचित्रही पाहिले. दोन्ही बाजूंना दगडी खांब, वर मशाल, मशालीखाली उघडे पुस्तक आणि देणगीदारांची नावे कोरण्यासाठी काळ्या ग्रॅनाइटची पाटी, असे एकंदरीत देखणे काम आहे. त्या पाटीवर माझेही नाव येईल, कारण या निधीत माझाही वाटा आहे. तरीही हा ठराव या वर्षी बाजूला ठेवावा आणि जमलेल्या पैशांतून आधी महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाला तालमीसाठी हक्काची जागा करून द्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सभेत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटे मिळतात. मला जे सांगायचे आहे ते तेवढ्यात मावणारे नाही. शिवाय मी नाट्यमंडळात तीन वर्षे काढली ती प्रकाशयोजनेच्या खोक्यामागे बसून, त्यामुळे माईकसमोर उभा राहिलो की अजूनही पहिले वाक्य विसरतो.

नाट्यमंडळाशी माझा संबंध १९९४ साली बी. कॉम. होऊन बाहेर पडलो तेव्हाच जवळजवळ संपला होता. त्यानंतर दुकान, घर आणि मुलांच्या शाळा यांच्या धबडग्यात वर्षाकाठी एखादा प्रयोग पाहणे, एवढेच नाटक उरले. मागच्या पावसाळ्यात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, लक्ष्मीपुरीतल्या माझ्या विजेच्या सामानाच्या दुकानात एक मुलगी आली. खांद्याला सॅक आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाड वही. वायर हवी की बल्ब, असे मी विचारले. तिने वही काउंटरवर उघडून ठेवली आणि म्हणाली, "सर, तुमच्या नावावर एक कंदील आहे. परत केल्याची सही दिसत नाही."

आपल्यापैकी जे नाट्यमंडळात होते त्यांना ही वही कोणती हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कॉलेजच्या नाटकाकडे पैसे कधीच नसतात. रंगमंचावर दिसणारी पितळी घागर, आरामखुर्ची, आजोबांची काठी, पोलिसाची टोपी, जुना टेलिफोन, हे सगळे कोणाच्या तरी घरातून मागून आणलेले असते आणि ते वेळेवर परत गेले नाही तर पुढच्या वर्षी तेच दार आपल्या तोंडावर बंद होते. म्हणून आमच्या वेळच्या प्राध्यापकांनी एक वही घातली होती. तिच्यात चार रकाने होते : वस्तू, कोणाकडून, कोणी आणली आणि परत केल्याची मालकाची सही. प्रयोग कितीही रंगला, करंडक मिळो अथवा न मिळो, शेवटची वस्तू परत जाऊन सही येईपर्यंत मिसळ खायला जायचे नाही, असा सरांचा दंडक होता. एकदा राजारामपुरीतला एक लाकडी पाळणा पोहोचवताना हातगाडीचे चाक निखळले आणि आम्ही सगळे रात्री साडेअकराला उपाशी घरी गेलो, हे मला त्या वर्षी आमचे नाटक कोणते होते त्यापेक्षा अधिक स्पष्ट आठवते.

नाट्यमंडळाची खोली दरम्यानच्या काळात दुसऱ्या कामासाठी घेतली गेली आणि मंडळाची लोखंडी ट्रंक जिन्याखाली गेली. त्याचा दोष कोणावर टाकण्यासाठी मी हे लिहीत नाही; जागेची तंगी सगळीकडेच असते. पण रंगमंच व्यवस्था पाहणाऱ्या या मुलीने आणि तिच्या दोन मित्रांनी ती ट्रंक उघडली. आत तीन वह्या निघाल्या. एक वाळवीने खाल्लेली होती. उरलेल्या दोन त्यांनी उन्हात वाळवल्या, खाकी कव्हर घातले आणि जुन्या वहीतल्या शेवटच्या अनुक्रमांकाच्या पुढचा अंक घालून नव्या नोंदी सुरू केल्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. मग सही नसलेल्या नोंदी त्यांनी वेगळ्या काढल्या. त्या एकतीस निघाल्या. हे गृहस्थ आणि या बाई आता कुठे आहेत, याचा तपास करत तिची वसुली चालू होती आणि त्या यादीत मी सहावा होतो.

कंदिलाची हकिकत लाजिरवाणी आहे, पण लपवत नाही. जानेवारी १९९३ मध्ये मंगळवार पेठेतल्या एका आजींकडून मी तो आणला होता. अंधारात विंगेत माझाच पाय लागून त्याची काच फुटली. नवी काच घेण्याइतके पैसे जमेपर्यंत परीक्षा आली, परीक्षेनंतर जायची लाज वाटू लागली आणि लाज जुनी होत गेली तशी ती आठवणीतूनच गेली. कंदील आमच्या माळ्यावर होता. मी तो खाली काढला, नवी काच बसवली आणि त्या मुलीबरोबर मंगळवार पेठेत गेलो. त्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी आहे आणि आजींच्या कुटुंबाचा ठावठिकाणा शेजारीपाजारी कोणालाही सांगता आला नाही. मी म्हटले, "आता मंडळाकडे जमा करून टाक आणि नोंद बंद कर." तिने वही मिटली आणि अगदी शांतपणे विचारले, "तुमचा नाही तो, सर. जमा कसा करून घेणार?" शेवटी तिने शेऱ्याच्या जागी लिहिले, 'मालक सापडले नाहीत, शोध चालू', आणि कंदील वापरायला म्हणून नेला. विजेचा धंदा करताना तीस वर्षांत मी हिशेबाचे पुष्कळ लोक पाहिले, पण असा ताळेबंद कोणी माझ्यापुढे मांडला नव्हता. या मंडळाबद्दल मला अभिमान वाटायला लागला तो त्या क्षणी. त्यांचे नाटक मी तेव्हा पाहिलेलेही नव्हते.

कंदील कुठे जातो ते पाहायला मी त्याच आठवड्यात तालमीला गेलो. तालीम दुचाकींच्या पार्किंगच्या शेडमध्ये चालते. साडेपाचनंतर गाड्या हलल्या की मुले झाडू मारतात आणि सिमेंटवर खडूने रंगमंचाची मापे आखतात. दुसऱ्या दिवशी टायरांखाली त्या खुणा पुसल्या जातात, म्हणून त्यांनी एक सुती दोरी ठेवली आहे आणि तिला ठरावीक अंतरांवर गाठी मारल्या आहेत. पहिली गाठ म्हणजे उंबरा, दुसरी चूल, तिसरी गोठ्याचे दार. दररोज संध्याकाळी दोन मुले दोरी ताणून धरतात आणि तिसरा गाठीखाली खूण करतो, की घर पुन्हा उभे राहते. पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज होतो की शेजारचा माणूस ऐकू येत नाही. तेव्हा ती मुले तालीम थांबवत नाहीत. भिंतीपाशी ओळीने उभी राहून त्या आवाजाच्या वर आवाज काढायचा सराव करतात.

प्रवेशांचा क्रम ठरतो तो एसटीच्या वेळापत्रकावर. राधानगरीकडच्या मुलीची शेवटची गाडी लवकर असते म्हणून तिचे प्रवेश आधी, मग पन्हाळ्याकडचा मुलगा, मग कागलचे दोघे आणि ज्यांचे घर शहरात आहे त्यांचे प्रवेश सगळ्यांत शेवटी. म्हणजे नाटकाचा शेवट दररोज सुरुवातीला होतो. आठ वाजता फाटक बंद होते. अशा स्थितीत रंगीत तालीम कधी करता, असे मी विचारले, तर दिग्दर्शन करणारा मुलगा म्हणाला, "रविवारी, सर. पण रविवारी इथे लग्नाच्या हॉलच्या गाड्या लावतात."

तालीम हा शब्द आपण कोल्हापूरकर दिवसातून दहा वेळा वापरतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळाइमाम ही तालमींची नावे पेठेतल्या लहान पोरालाही पाठ असतात. काही तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या सामन्याच्या दिवशी अर्ध्या गावाला दुसरे काम सुचत नाही. पैलवान तालमीत घुमतो आणि नटही तालीमच करतो. मराठीने दोघांना एकच शब्द दिला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी तर दोघांना एकमेकांना लागून जागाही दिली. १९०२ च्या परदेश दौऱ्यात रोमचे प्रेक्षागार पाहून आलेल्या महाराजांनी खासबागेत कुस्तीचे मैदान उभे केले आणि त्याला खेटूनच १९१३ साली काम सुरू करून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर पुरे केले. पुढे १९५७ साली त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. पैलवानाला माती लागते तशी नटाला फळी लागते, हे त्या राजाला कोणी पटवून द्यावे लागले नव्हते. मग शंभराहून अधिक वर्षांनंतर त्याच गावातल्या एका महाविद्यालयात आखाड्याइतकीही जागा नाटकाला असू नये, याचे मला नवल वाटते. राग म्हणाल तर येत नाही, कारण ही जागा मागायला आपण, म्हणजे आपणच माजी विद्यार्थी, कधी गेलो नव्हतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. सकाळी मी तिथे गेलो तेव्हा दर्शनी भिंतीमागे छप्पर नव्हते आणि पोलिसांच्या दोरीपलीकडे शेकडो माणसे न बोलता उभी होती. ज्या रंगमंचावर आमच्या पिढीने पहिल्यांदा पडदा वर जाताना पाहिला, युवा महोत्सव आणि स्पर्धांच्या निमित्ताने ज्याच्या विंगेत उभे राहून पोटात गोळा आल्याचा अनुभव घेतला, तो काळा कोळसा झाला होता. पुढे त्याच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले आणि त्याबद्दल या पत्रात आणखी काही लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण त्या दिवसानंतर शहरातल्या विद्यार्थी कलाकारांना जागेच्या शोधात फिरावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या मुलांनी त्यावरून एक नियम स्वतःच केला : रंगमंचावर खरी ज्योत न्यायची नाही, उदबत्तीसुद्धा नाही. म्हणून माझ्या कंदिलात आता वात नाही. पिवळ्या कागदात गुंडाळलेला एक छोटा एलईडी आणि घासलेटाच्या टाकीत लपवलेली बॅटरी आहे. ती जोडणी मी करून देऊ का, असे विचारले तेव्हा त्यांनी मला करू दिली नाही. प्रकाशयोजना पाहणाऱ्या मुलाने ती माझ्या समोर स्वतः केली आणि मी फक्त सोल्डरिंग तपासले. ते बरे होते.

आता नाटकाबद्दल. एकांकिका त्यांच्यातल्याच दुसऱ्या वर्षाच्या मुलाने लिहिली आहे. तो शिरोळ तालुक्यातला आहे आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तो आजोळी अडकला होता. गोष्ट एवढीच की पाणी वाढते आहे, होडी आली आहे, सगळे घर निघाले आहे आणि आजी दावणीची म्हैस सोडून यायला तयार नाही. आपल्या भागात हे कोणाला नवीन नाही. पुरात माणसे घरासाठी अडतात त्याहून अधिक जनावरांसाठी अडतात. नवीन होते ते त्यांनी पाणी कसे दाखवले ते. रंगमंचावर पाणी म्हणजे एक नऊवारी लुगडे होते. ते निळे नव्हते, गढूळ मातकट रंगाचे होते, कारण पुराचे पाणी तसेच असते. चार मुले लुगड्याचे चार कोपरे धरून बसलेली. मागून एक निर्विकार आवाज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतो, "एकोणचाळीस फूट", आणि लुगडे मुलांच्या घोट्यापर्यंत येते. "एक्केचाळीस", गुडघ्यापर्यंत. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे आकडे कोल्हापुरातल्या प्रेक्षकाला पावसाळ्यात जन्मतारखेसारखे पाठ असतात, त्यामुळे "त्रेचाळीस" हा शब्द आला तेव्हा सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. लुगडे आजीच्या छातीपर्यंत आले होते आणि तिने कंदील डोक्यावर धरला होता. म्हैस दिसतच नव्हती, फक्त विंगेतून तिच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

आजीचे काम करणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिने केस पांढरे केले नव्हते, पाठीत पोक काढला नव्हता, आवाज थरथरवला नव्हता. आमच्या वेळी म्हातारी म्हणजे टाल्कम पावडर आणि खोकला. तिने फक्त एक केले : प्रत्येक वेळी बसताना आधी हाताने जमीन चाचपली. बोली शिरोळकडची, मळीच्या रानाची, अगदी तशीच ठेवली होती. प्रमाण मराठीत 'स्वच्छ' करायचा मोह त्यांनी टाळला आणि परीक्षकांना कळेल की नाही याची भीती बाळगली नाही, याचे मला फार बरे वाटले.

नाटक निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. शेवटची पाच मिनिटे लांबली. होडीवाल्याला दिलेले भाषण कापायला हवे होते आणि एका ठिकाणी संगीत उगीच रडवायला आले. त्यांना स्पर्धेत दुसरे पारितोषिक मिळाले ते मला योग्यच वाटले. सांगण्यासारखे आहे ते निकालानंतरचे. पहिला क्रमांक हुकला म्हणून दोघी-तिघी रडत होत्या आणि रडता रडताच लुगड्याची घडी घालत होत्या, कारण ते लुगडे एका मावशींचे होते आणि रात्रीच परत द्यायचे होते. रंगमंच व्यवस्थेची मुलगी वही घेऊन दाराशी उभी होती. घागर, सूप, दावे, घंटा, लुगडे. एकेक वस्तू तिच्यासमोरून जात होती आणि ती टिंब देत होती. साडेदहाला शेवटची सही आली. मग मी त्या सगळ्यांना मिसळ खायला घातली असती, पण त्या वेळी मिसळ कुठे मिळणार, म्हणून गंगावेशीत दुधावर भागवले.

आपल्या सभेत कोणीतरी विचारणार, दरवर्षी विचारतातच, की नाटक करून मुलांचे पुढे काय होते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'व्यक्तिमत्त्व विकास' असे उत्तर देऊन मी कोणाची फसवणूक करणार नाही. माझ्या तुकडीतल्या चौदाजणांपैकी एकही नट झाला नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, विजेचे काम शिकलो ते नाटकात. डालड्याच्या डब्यांत बल्ब बसवून आम्ही स्पॉट करायचो. एकदा गॅदरिंगला भाड्याचे हजार वॉटचे पाच दिवे मी वर्गातल्या एकाच पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर जोडले. पाच हजार वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास बावीस अँपिअर होतात, हे गणित मला फ्यूज उडाल्यावर आणि मुख्याध्यापकांच्या खोलीसकट अर्धी इमारत अंधारात गेल्यावर समजले. (मुख्याध्यापक नव्हे, प्राचार्य, पण त्या रात्री मला पुन्हा शाळेत गेल्यासारखे वाटले होते.) आज माझ्या दुकानाचे पोट त्या गणितावर चालते. आमचे नेपथ्य करणारा फर्निचरचा कारखाना चालवतो. आमची प्रॉम्प्टर बँकेत अधिकारी झाली आणि ग्राहक चुकीचे बोलू लागला की त्याचे पुढचे वाक्य अजूनही आधीच सांगते, अशी तिच्या सहकाऱ्यांची तक्रार आहे.

आपल्या गावाला तर पडद्यामागच्या माणसांचे मोल वेगळे सांगायची गरजच नसावी. केशवराव भोसले हे या गावचे. १९०८ च्या जानेवारीत त्यांनी हुबळीत ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते, म्हणजे आपल्या प्रथम वर्षाच्या मुलाएवढे होते. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्वांची भामिनी आणि त्यांचा धैर्यधर, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच ललितकलादर्शचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊही कोल्हापूरचेच. पडदे रंगवता रंगवता त्यांना हलत्या चित्रांचा नाद लागला, आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी तो नाद पुढे नेला आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट आला. पुढे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही याच गावात झाली. एवढा मोठा कारभार उभा राहिला त्याच्या मुळाशी नाटकाच्या मागच्या बाजूला ब्रश घेऊन उभे असलेले दोघे होते. आपल्या नाट्यमंडळात आज पंधरा मुले आहेत आणि त्यांतली आठ रंगमंचावर येतच नाहीत. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर दरवर्षी छायाचित्र छापले जाते ते उरलेल्या सातांचे.

म्हणून मागणी सांगतो, म्हणजे सभेत त्यावर थेट चर्चा होईल. जिमखान्याच्या मागची पत्र्याची जुनी गोदामवजा इमारत सध्या मोडके बाक ठेवण्यासाठी वापरली जाते. मी टेप घेऊन जाऊन ती मोजून आलो. आतून चाळीस फूट लांब, सव्वीस फूट रुंद, मध्यभागी उंची सोळा फूट. छप्पराखाली आवाज अडवणारे अस्तर घातले, जमिनीवर सपाट लाकडी फळ्या टाकल्या आणि मुलींना कपडे बदलायला एक आडोसा केला, की ती तालमीची जागा होते. वीजजोडणीसाठी तिला स्वतंत्र लाइन हवी, भार वाढला की वीज तोडणाऱ्या एमसीबीबरोबर गळती ओळखणारा ब्रेकर हवा आणि अर्थिंग नव्याने करायला हवे. हे सगळे काम मी मजुरी न घेता करून देईन. दिवे आता हजार वॉटचे लागत नाहीत. दीड-दोनशे वॉटचे सहा एलईडी 'पार' दिवे (रंगमंचावर झोत टाकणारे) आणि प्रकाश कमी-जास्त करणारा एक साधा डिमर बोर्ड असला तरी मुलांना प्रकाश म्हणजे काय ते शिकता येते, आणि सगळे मिळून भार आमच्या काळच्या एका दिव्याहून थोडासाच अधिक होतो. या सगळ्याचा अंदाज मी दोन ठिकाणांहून काढून आणला आहे. तो कमानीच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्यापेक्षा कमी आहे आणि कागद सभेत ठेवेन.

याखेरीज दोन लहान गोष्टी आहेत. तालीम रात्री नऊपर्यंत चालू ठेवण्याची परवानगी आणि शेवटची एसटी चुकलेल्या मुलींना घरपोच सोडण्यासाठी वर्षाला थोडी रक्कम बाजूला ठेवावी. राधानगरीकडच्या त्या मुलीच्या वडिलांनी तिला पुढच्या वर्षी नाटकात ठेवायचे की नाही, हे गाडीच्या वेळेवर सोडले आहे. तिचे काम मी पाहिले आहे. आजी तीच होती. दुसरे म्हणजे कुलूप असलेले एक लोखंडी कपाट. त्याची एक किल्ली कार्यालयात आणि दुसरी रंगमंच व्यवस्थेकडे असावी. वह्या पुन्हा जिन्याखाली जाऊ नयेत, एवढेच त्यात आहे.

जागेचे उद्घाटन ५ नोव्हेंबरला करावे, असे मला वाटते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी शेजारच्या सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले ती ही तारीख, आपण ती मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. उद्घाटनाला पाहुणे नसले तरी चालतील. मुलांनी नटराजाला नारळ वाढवावा आणि लगेच तालीम सुरू करावी. कमान पुढच्या वर्षी, निधी उरला तर अवश्य करू. त्या ठरावाला तेव्हा अनुमोदन मी देईन.

सभेला येताना ती वही मी त्या मुलीच्या परवानगीने, आणि वहीत रीतसर नोंद करून, सोबत आणणार आहे. एकतीसपैकी नऊ नोंदींवर आतापर्यंत सह्या आल्या आहेत. उरलेल्यांत आपल्या कार्यकारिणीतलीही नावे आहेत, आणि ती मी इथे उघड करणार नाही. पण एका पदाधिकाऱ्यांच्या नावापुढे १९८९ पासून एक पितळी समई आहे, दुसऱ्यांच्या नावापुढे निळ्या काठाची सतरंजी आहे आणि खजिनदारांनी कृपया आपल्या घरी एक भिंतीवरचे घड्याळ शोधून ठेवावे. ते शाहूपुरीतल्या ज्या घरचे आहे, ते घर अजून तिथेच आहे आणि मालक हयात आहेत.

आपला,
नाट्यमंडळाचा एक माजी प्रकाशयोजनाकार
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर